दीड मिनिटाचा भोंगा

“इथे सही करा, काका. दोन ओळींचं तर आहे.”

साहेबांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि त्यावर स्वतःचे पेन आडवे ठेवले. भोंगेकाकांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. ‘दुपारी बटणाची पेटी पुसत असताना माझा हात अनवधानाने बटणावर पडला व त्यामुळे धोक्याचा भोंगा वाजला. याबद्दल मी दिलगीर आहे.’ खाली त्यांचे नाव, हुद्दा आणि सहीपुरती मोकळी जागा.

“पण साहेब, माझा हात पडला नाही.”

“मग काय आपोआप वाजला?”

“ते मला माहीत नाही.”

साहेबांनी खुर्ची मागे रेलली. माणूस वाईट नव्हता. या कचेरीत येऊन त्यांना चार वर्षे झाली होती आणि या चार वर्षांत त्यांनी भोंगेकाकांना कधी अरेतुरे केले नव्हते. पण गेले सहा दिवस वरून दिवसाला तीन-तीन फोन येत होते, आणि प्रत्येक फोनला एकच उत्तर हवे होते. कुणाची चूक?

“हे बघा, कॉम्प्युटरच्या नोंदीत भोंगा वाजवायची कमांड नाही. एकही नाही. म्हणजे उरलं काय? भिंतीवरचं बटण. खोलीत कोण होतं? तुम्ही. पेटीचं झाकण कुणी उघडलं होतं? तुम्हीच सांगितलंत, पुसायला उघडलं होतं म्हणून.”

“ते रोजच पुसतो. तीस वर्षं पुसतोय.”

“तेच म्हणतोय मी. तीस वर्षांत एकदा हात लागला. माणूस आहे, लागतो. साधी ताकीद मिळेल, फाइल बंद होईल. दहा महिन्यांनी तुम्ही निवृत्त. कशाला ताणताय?”

भोंगेकाकांनी कागदाची नीट चौपदरी घडी घातली आणि खिशात ठेवली. पेन मात्र परत केले.

“गुरुवारपर्यंत वेळ द्या.”

“गुरुवारी काय आहे?”

“कॉम्प्युटरच्या कंपनीच्या बाई येणार आहेत ना, नोंदींची प्रत घ्यायला. त्यांच्यासमोर करीन सही. करायची झाली तर.”

धरणाच्या खाली, नदीच्या वळणावर ही दोन खोल्यांची कचेरी होती. पुढच्या खोलीत साहेब, मागच्या खोलीत पाण्याच्या पातळीचा कॉम्प्युटर आणि गच्चीवरच्या लोखंडी मनोऱ्यावर चार कर्णे. धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी तो भोंगा वाजायचा आणि नदीकाठच्या खालच्या वस्तीतली चारेकशे माणसे दहा मिनिटांत वरच्या रस्त्यावर येऊन उभी राहायची. भोंगेकाका इथे वायरमन म्हणून लागले ते तीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून कर्ण्यांना तेल-रंग, तारांची तपासणी, दर महिन्याची चाचणी, सगळे त्यांच्याकडे. त्यांचे खरे नाव पगारपत्रकात होते, बाकी सगळ्या गावाला ते भोंगेकाकाच. त्यांच्या बायकोलासुद्धा किराणावाला ‘भोंगेकाकू’ म्हणायचा. पहिली दोन वर्षे तिला राग आला होता, मग गेला.

झाले होते असे. गेल्या आठवड्यात दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी डोक्यावरचे चारही कर्णे एकदम किंचाळले. काका खुर्चीतून उठले ते धडपडतच. पहिला विचार आला तो खऱ्या पाण्याचाच. त्यांनी पडद्यावर पातळी पाहिली, ती नेहमीसारखी होती. मग धरणावर फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, “आम्ही काही सोडलेलं नाही. तुम्ही का वाजवताय?” तेव्हा कुठे त्यांनी भिंतीकडे धाव घेऊन मुख्य स्विच खाली ओढला. हे सगळे नियमाप्रमाणेच होते. आधी पातळी, मग फोन, मगच स्विच. पण त्यात दीड मिनिट गेले.

तेवढ्या वेळात खालच्या वस्तीत एकच गोंधळ उडाला. चुलीवरचे, शिलाईवरचे, अंघोळीतले, जो जसा होता तसा बाहेर पडला. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. वय त्र्याहत्तर. त्या जिना उतरताना सहाव्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. बाकी कुणाला फारसे लागले नाही. पण दुसऱ्या दिवशी कचेरीच्या दारात जमलेल्या माणसांचे आवाज काकांच्या कानातून जात नव्हते. “झोपला होतात का हो?” “तुमच्या एका बोटापायी म्हातारी मेली असती.” ज्यांच्या घरचे पंखे त्यांनी फुकट दुरुस्त करून दिले होते, ती माणसे बोलत होती.

घरी त्यांनी घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. बायको भाजी निवडत होती. तिने हात पुसले, कागद उघडून वाचला, पुन्हा घातला तशी घडी घातली.

“करून टाका की सही.”

“मी दाबलं नाही, अगं.”

तिने भाजी पुन्हा पुढे ओढली. मग भाजीकडे बघतच म्हणाली, “रागावणार नसाल तर एक विचारू? डोळा लागला होता का तुमचा? हल्ली दुपारचा लागतो. घरी बघते ना मी. टीव्ही बघता बघता मान पडते तुमची.”

सहा दिवसांत गावाने जे म्हटले ते सगळे काकांनी गिळले होते. हे गिळता येईना. ते उठले आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसले. आणि तिथे बसल्यावर त्यांना पहिल्यांदाच मनापासून भीती वाटली, कारण त्यांना स्वतःलाच खात्री वाटेनाशी झाली. पेटी पुसली होती ती अडीचला. झाकण लावले होते? लावले असेल. खुर्चीत बसलो, पडद्याकडे बघत होतो. बघत होतो ना? डोळे मिटून ती दुपार ते पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणू लागले. आणि एक गोष्ट दर वेळी तिथेच, त्याच जागी दिसत होती. भोंगा वाजल्यावर पातळी बघायला ते पडद्याशी गेले, तेव्हा सकाळपासूनचा आलेख पडद्यावर नव्हता. पडदा कोरा होता आणि निळी रेघ डावीकडून नुकती सुरू झाली होती, बोटभरसुद्धा नाही.

बटणावर हात पडला म्हणून पडद्यावरची रेघ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात गेले. तीन वेळा दारापर्यंत जाऊन परत फिरले होते, या वेळी आत शिरले. गणिताच्या बाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या, पायाला वजन बांधलेले. दोन दिवसांनी शस्त्रक्रिया होती. काकांना पाहून त्यांनी चष्मा वर ढकलला.

“भोंग्याचे तुम्हीच ना?”

“हो.”

“बटण तुम्ही दाबलंत?”

“नाही, बाई.”

“मग कुणी दाबलं?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही,” बाई सावकाश म्हणाल्या. “हे उत्तर मी छत्तीस वर्षं ऐकत आले. त्याला शून्य गुण असतात. जा, उत्तर काढून आणा.” आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. काका बराच वेळ हातातली संत्र्यांची पिशवी घेऊन उभे होते. मग ती खाटेखाली ठेवून निघाले.

गुरुवारी कंपनीच्या बाई आल्या. पस्तिशीच्या आसपासच्या, पाठीवर बॅग, केस घाईने बांधलेले. पहाटेच्या गाडीने निघाल्या होत्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे होते. पातळी मोजून भोंगा वाजवणारा प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता. तीन आठवड्यांपूर्वी जुना कॉम्प्युटर काढून नवा बसवला तेव्हा मात्र त्या आल्या नव्हत्या, कंपनीची दुसरी माणसे येऊन गेली होती.

त्यांनी नोंदी उघडल्या आणि साहेबांना दाखवल्या. “हे बघा. त्या दिवशी भोंग्याची कमांड नाही. प्रोग्रामने वाजवलेला नाही, हे मी लिहून देते.”

साहेबांनी काकांकडे पाहिले. काका दाराशी उभे होते.

“बाई, एक विचारू? त्या दिवशी तीन बाराला तुमचा प्रोग्राम बंद पडून परत सुरू झाला होता का?”

बाईंनी पडद्यावर बोट फिरवले. “तीन बारा... हो. पातळीच्या यंत्राकडून वेडावाकडा आकडा आला म्हणून प्रोग्राम थांबला. मग लगेच आपोआप सुरू झाला. तशीच सोय केलेली आहे. पण सुरू होणं वेगळं आणि भोंगा वाजवणं वेगळं, काका. कमांड दिल्याशिवाय तो वाजत नाही.”

“मी कमांडचं विचारत नाही. ते मला कळत नाही. मला तार कळते. नवा कॉम्प्युटर आल्यापासून भोंग्याच्या रिलेची तार या मागच्या खाचेत लावलीय.”

“सिरीअल पोर्ट. हो. त्याच्या एका पिनेवर आपण सिग्नल चढवतो, रिलेचा स्विच ओढला जातो, भोंगा सुरू होतो.”

“आणि एकदा ओढला की तो तीन मिनिटं सोडत नाही. तसाच बनवलाय, मध्येच तार तुटली तरी भोंगा वाजत राहावा म्हणून.” काकांनी खिशातून आपला जुना काट्याचा मीटर काढला. “मग मी रिलेची तार सोडवतो आणि तिथे हा लावतो. तुम्ही फक्त प्रोग्राम बंद करा आणि परत चालू करा. कमांड देऊ नका.”

साहेब म्हणाले, “काका, त्यांना गाडी गाठायचीय.”

“पाच मिनिटांचं काम आहे, साहेब.”

बाईंनी खांदे उडवले. काकांनी गुडघ्यावर बसून तार सोडवली, मीटरच्या दोन पिना लावल्या आणि मीटर सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. काटा शून्याच्या खाली, डावीकडे पडून होता. बाईंनी प्रोग्राम बंद केला. काटा तसाच. मग चालू केला.

काटा टाणकन उजवीकडे गेला. क्षणभर थांबला आणि परत पडला. पडद्यावर निळी रेघ डावीकडून नव्याने सुरू झाली.

“परत करा,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

बाईंनी परत केले. काटा परत उडाला. पाच वेळा केले, पाचही वेळा उडाला.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. बॅगेचा पट्टा त्यांनी आत्ता कुठे खांद्यावरून काढला. “अरे देवा,” त्या हळूच म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. “तुम्हाला कसं सांगू... या कॉम्प्युटरवर सगळे प्रोग्राम चालवणारी मूळ यंत्रणा युनिक्सच्या घराण्यातली आहे. फार जुनं घराणं. त्या काळी या पोर्टच्या पलीकडे मॉडेम असायचा, फोनच्या लायनीवरून बोलणारा डबा. कुठल्याही प्रोग्रामने पोर्ट उघडला, की यंत्रणा आपणहून दोन पिनांवर सिग्नल चढवते. पलीकडच्या मॉडेमला कळावं, की अलीकडे कुणीतरी बसलंय, तयार आहे. प्रोग्रामने सांगितलेलं नसतं. म्हणून नोंदीतही काही येत नाही. ती तिची सवय आहे.”

“आणि पलीकडे मॉडेम नसून भोंगा असला तर?”

“पलीकडे काय आहे हे तिला काय माहीत, काका. ती आपली हात वर करते.”

काकांनी मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या खांद्यांतला ताण सैल झाला. तरी त्यांना आनंद असा झाला नाही. त्यांना खाटेवरच्या वजन बांधलेल्या पायाची आठवण झाली.

“माझा प्रोग्राम उघडल्या उघडल्या सिग्नल खाली ओढतो,” बाई सांगत होत्या, “म्हणून काटा लगेच पडतो. मला वाटायचं तेवढं पुरतं.”

“रिलेला चुटकीभर पुरतं, बाई. चुटकीभरही नको.”

“नको. बरोबर आहे.” त्यांनी बाह्या वर केल्या. “आज मी परत जात नाही.”

पुढचे दोन तास त्या यंत्रणेची पुस्तिका पडद्यावर उघडून वाचत बसल्या. काका शेजारी स्टुलावर. त्यांना त्यातले अक्षर कळत नव्हते, पण काटा कळत होता. आधी बाईंनी प्रोग्राममध्येच काहीतरी बदलले, तरी काटा उडायचा तो उडालाच, आधीपेक्षा थोडा कमी इतकेच. “प्रोग्रामच्या हातात हे येईपर्यंत उशीर झालेला असतो,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. “पोर्ट उघडायच्या आधीच यंत्रणेला सांगून ठेवायला हवं.” मग एका जागी त्या थांबल्या, तोच परिच्छेद दोनदा वाचला आणि हसल्या. “सापडलं. दर पोर्टची सुरुवातीची स्थिती म्हणून वेगळी नोंद असते. तिथे लिहून ठेवता येतं, की कुणीही उघडलं तरी या दोन पिना आपणहून वर करू नकोस. सांगितलं तरच कर.”

त्यांनी मशीन सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत एक ओळ लिहिली. एकच ओळ, बोटभर लांबीची. काकांनी चष्मा लावून ती पाहिली. ज्या ओळीच्या नसण्यापायी त्यांची झोप उडाली होती, ती इतकीशी होती.

प्रोग्राम बंद केला, चालू केला. काटा हलला नाही.

“परत,” काका म्हणाले.

दहा वेळा केले. दहाही वेळा काटा डावीकडे पडून राहिला. मग काका म्हणाले, “आता अख्खं मशीन बंद करून चालू करा.” बाईंनी केले. पडदा काळा झाला, पंखा घुमला, पांढरी अक्षरे खालून वर धावू लागली. आणि त्या धावपळीत काटा अगदी किंचित थरथरला.

“पाहिलंत?” काका म्हणाले.

“तेव्हा यंत्रणा जागीच झालेली नसते. तिथे माझी ओळ पोचत नाही.” बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थकवा दिसला. “त्याला माझ्याकडे उपाय नाही.”

“माझ्याकडे आहे.” काका उठले, कपाट उघडले आणि मुठीएवढा टायमर बाहेर काढला. “हा रिलेच्या आधी बसवतो. सिग्नल सलग पाच सेकंद टिकला तरच पुढे जाऊ देईल. खरा भोंगा वाजवायचा तेव्हा तुमचा प्रोग्राम किती वेळ सिग्नल धरतो?”

“दहा सेकंद.”

“मग झालं. तुमची ओळ तुमच्या जागी, माझा टायमर माझ्या जागी.”

संध्याकाळी साडेपाचला भोंग्याची खरी तार पुन्हा जोडली गेली. गच्चीवर कर्णे, खाली वस्ती आणि मध्ये आता मीटर नव्हता. साहेबांनी सवयीने कानांवर हात ठेवले. बाईंनी काकांकडे पाहिले, काकांनी मान डोलावली आणि त्यांनी मशीन बंद करून चालू केले.

काहीच झाले नाही. नदीकडून कुणाच्या तरी सायकलची घंटी ऐकू आली. साहेबांनी हात खाली घेतले.

बाई नोंदी लिहायला बसल्या तेव्हा साहेब काकांना बाहेरच्या खोलीत घेऊन आले. दार लोटले. बराच वेळ ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

“काका, नवा कॉम्प्युटर बसवला त्या दिवशीच्या फॉर्मवर ‘भोंगा जोडून चाचणी झाली’ असं छापलेलं होतं. मी खाली सही केली. चाचणी झाली नव्हती.”

“माहीत आहे मला.”

“तुम्ही बोलला नाहीत.”

“कसा बोलणार? तार मीच सोडवून ठेवली होती. कंपनीची माणसं म्हणत होती जोडा, आणि मी म्हणालो, राहू द्या, दुपारची वेळ आहे, लोक उगाच घाबरतील. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. जोडली असती तर त्याच दिवशी कळलं असतं. सांगून वाजला असता, कुणी जिन्यावरून पडलं नसतं.”

साहेबांनी पेपरवेट खाली ठेवला. “हे लिहावं लागेल?”

“माझं मी लिहीन. तुमचं तुम्ही ठरवा.”

काकांनी खिशातला चौपदरी कागद काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतले. अक्षर मोठे, शाळकरी. हात बटणावर पडला नाही, हे पहिल्या ओळीत. तार कुणी, कधी आणि का सोडवली, हे पुढच्या तीन ओळींत. सही केली, तारीख घातली. साहेबांनी तो वाचला. मग त्यांनी ड्रॉवरमधून स्वतःसाठी एक कोरा कागद काढला.

महिन्याभराने वरून पत्र आले. भोंगा वाजण्याचे कारण तांत्रिक होते, ते दूर करण्यात आले आहे. चाचणी न करण्याबद्दल साहेबांना आणि वायरमनला ताकीद देण्यात येत आहे. कंपनीलाही खरमरीत काही लिहिले होते म्हणे. म्हणजे खोट्यावर सही करून जी ताकीद मिळणार होती तीच शेवटी मिळाली. बायकोने पत्र दोनदा वाचले.

“एवढा खटाटोप करून तेच?”

“तेच कसं? ती न केलेल्याची होती. ही केलेल्याची आहे.”

ती पत्राच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. “मी त्या दिवशी विचारायला नको होतं.”

“विचारलंस म्हणून तर ओट्यावर जाऊन बसलो. नाहीतर तो कोरा पडदा मला आठवला नसता.” हे काका हसत म्हणाले, पण तिने वर पाहिले नाही. त्या दिवसापासून टीव्हीसमोर त्यांची मान पडली, की ती काही न बोलता आवाज कमी करायची.

पत्राने कचेरीतला प्रश्न सुटला, वस्तीतला सुटला नव्हता. नव्या जोडणीची जाहीर चाचणी ठरली तेव्हा काका दोन दिवस घरोघर फिरले. परवा सकाळी अकराला भोंगा वाजेल, तो चाचणीचा आहे, घाबरू नका. काहींनी पाणी विचारले. काहींनी दारातूनच मान हलवली. एका बाईने सरळ सांगितले, “आता खरा वाजला तरी आम्ही आधी खिडकीतून नदी बघू, मग ठरवू.” काका तिच्या दारात अर्धा तास उभे राहिले. पोर्ट, पिन, हात वर करायची सवय, सगळे आपल्या परीने सांगितले. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तुमचं खरं असेल हो. पण आमच्या पायांना ते कसं कळायचं? वाजला की ते आता अडखळणारच.” त्यांनी पुढच्या घराची कडी वाजवली.

पत्र यायच्या बरेच आधी, त्या गुरुवारनंतरच्या आठवड्यात, काका पुन्हा दवाखान्यात गेले होते. गणिताच्या बाईंची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. आता त्यांना वॉकर धरून चालवायचे होते आणि त्या चालायला तयार नव्हत्या. परिचारिका म्हणाली, “दोन पावलं टाकतात आणि बसतात. कुणाचंच ऐकत नाहीत. तुम्ही कोण, नातेवाईक?”

“नाही. ओळखीचा.”

बाई खाटेच्या कडेवर बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या.

“उत्तर आणलंत?”

“आणलंय.” काका स्टुलावर बसले आणि पहिल्यापासून सांगितले. बाई गणिताची वही तपासावी तशा ऐकत होत्या, मध्ये मध्ये अडवत होत्या. सिग्नल किती वेळ होता? रिलेला किती पुरतो? तार सोडवली त्याचे काय, हेही त्यांनी न विचारता काकांनी सांगितले. ऐकून झाल्यावर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“म्हणजे कुणीच दाबलं नाही.”

“नाही.”

“एक यंत्र दुसऱ्या यंत्राला ‘मी आहे’ म्हणालं आणि माझा पाय मोडला.”

“तसंच काहीसं.”

“हे फार वाईट झालं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही दाबलंत असं वाटत होतं तोवर बरं होतं. रोज सकाळी उठून तुम्हाला शिव्या द्यायची मी. मनातल्या मनात. तेवढाच व्यायाम. आता राग काढायचा कुणावर?”

काकांनी जरा विचार केला.

“माझ्यावरच काढा की. तार तर मीच सोडवली होती. पाचला सुटतो मी. रोज येईन.”

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिले, बहुधा पहिल्यांदाच. मग वॉकरकडे हात केला. काकांनी तो पुढे सरकवला. उठताना त्यांचा चेहरा वेदनेने पांढरा पडला, पण त्या उठल्या.

दवाखान्याचा लांब बोळ संध्याकाळी रिकामा असायचा. बाई एक एक पाऊल टाकत, प्रत्येक पावलाला आकडा मोजत चालल्या. चारला थांबल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, “तुमच्यासारखा निष्काळजी माणूस मी जन्मात पाहिला नाही.”

“हो, बाई.”

“पाच. सहा. लोक घाबरतील म्हणे. सात.”

काका त्यांच्या मागून चालत होते. त्यांचा उजवा हात बाईंच्या पाठीपासून वीतभर अंतरावर, उघडा, तसाच धरलेला होता. बाईंना त्याचा स्पर्श होत नव्हता.